पाखरू कशानं मेलं?



आज मी तुम्हांला एका मेलेल्या घारीची गोष्ट सांगणार आहे. मेलेल्या घारीत ऐकण्यासारखं काय असणार, असं तुमच्यापैकी कुणाच्या मनात येईल. पण थोडा धीर धरा. ही गोष्ट घारीची आहे, तितकीच ती आपल्या शिवाराची, आपल्या गुरांची आणि आपल्या लेकरांचीही आहे.

मारुंजी हे मुळशी तालुक्यातलं, हिंजवडीच्या शेजारचं गाव. एका अंगाला संगणक कंपन्यांच्या काचेच्या उंच इमारती, आणि त्यांच्या पायथ्याशी अजून थोडी वावरं, थोडी गुरं, एखादा ओढा. या भागात मी शाळामास्तर होतो. एकदा पौषाच्या दिवसांत तीन-चार मुलं एक मेलेली घार पंखाला धरून वर्गात घेऊन आली. बांधावर पडली होती म्हणाली. तो बांध ज्या शेतकऱ्याचा, त्यानं दोनच दिवसांपूर्वी हरभऱ्यावर फवारणी केली होती. झालं! निकाल लागायला किती वेळ? घार विषानं मेली. संध्याकाळी पारावर त्या भल्या माणसाला चार शब्द ऐकावे लागले. तो एवढंच म्हणाला, "म्यां न्हाय हो मारली." कुणी ऐकलं नाही. आणि मी? मी तर दुसऱ्या दिवशी मुलांना औषधांच्या दुष्परिणामांचा पाठ देताना त्याच घारीचा दाखला दिला. घार तोवर ओढ्यात फेकून दिलेली होती.

होळी झाली. त्याच ठिकाणी आणखी एक घार आणि एक कावळा मेलेला सापडला. या खेपेला एक पोर खाली वाकून बघत म्हणालं, "गुरुजी, हिचा पाय जळालाय." खरंच, नखांजवळची कातडी काळी पडली होती आणि पंखाच्या टोकाची पिसं करपली होती. आम्ही वर पाहिलं. डोक्यावर विजेचा खांब होता. दोन महिन्यांत त्या शेतात फवारणी झालेली नव्हती.

मंडळी, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे आपण रोज म्हणतो. पण वेळ आली की फांदी कावळ्यानंच मोडली असं शपथेवर सांगतो. मी त्या शेतकऱ्याच्या घरी गेलो आणि झाल्या गोष्टीची माफी मागितली. मग आता पहिली घारही खांबावरच मेली असं म्हणावं का? तेही म्हणता येत नाही. कदाचित खांबानं मेली असेल, कदाचित विषानं, कदाचित आणखी कशानं. तिचं शरीर ओढ्यात गेलं आणि तिच्याबरोबर उत्तरही गेलं.

पाखरू मेलं हे दिसतं. कशानं मेलं ते शोधावं लागतं. ते कसं शोधतात, हाच माझा आजचा विषय.

तुम्ही ऐकलं असेल की हल्ली पक्ष्यांच्या पाठीवर एक छोटं यंत्र बसवतात. दप्तराचे पट्टे मुलाच्या खांद्यावरून घ्यावेत, तसे मऊ पट्टे पक्ष्याच्या अंगावरून घेऊन हे यंत्र बांधतात. त्याचं वजन पक्ष्याच्या वजनाच्या शंभराला तीन भागांपेक्षा जास्त नसावं असा संकेत आहे. म्हणजे पाच किलोच्या गिधाडाला फार तर दीडशे ग्रॅम. यंत्राला उन्हावर वीज मिळते. ते आकाशातल्या उपग्रहांवरून आपली जागा ओळखतं आणि ती कळवतं. काही यंत्रं उपग्रहामार्फत, तर काही मोबाइलच्या मनोऱ्यांमार्फत. पक्षी हलतोय की स्वस्थ आहे, त्याच्याभोवती उष्णता किती आहे, हेही कित्येक यंत्रं सांगतात.

आता तुम्ही विचाराल, एवढा खटाटोप कशाला? मेलेले पक्षी तर सापडतातच की! इथंच खरी मेख आहे. बाजाराच्या वाटेवर बैल पडला तर गावभर बातमी होते. डोंगराच्या कपारीत गाय पडली तर दहा दिवसांनी एखाद्या गुराख्याला वास येतो. पक्ष्यांचंही तसंच आहे. रस्त्यावर गाडीखाली आलेला पक्षी सगळ्यांना दिसतो. आडरानात विष खाऊन मेलेला कुणालाच दिसत नाही, रात्रीतून कोल्ही-कुत्री त्याचा फडशा पाडतात. म्हणून नुसते सापडलेले पक्षी मोजले, तर सगळे पक्षी रस्त्यावरच मरतात असा उलटा हिशेब निघतो. यंत्र बांधलेला पक्षी मात्र कुठंही मेला तरी त्याची खबर लागते. युरोपात तांबड्या घारींना अशी यंत्रं बांधून त्यांच्या मरणाची कारणं शोधण्याचं मोठं काम अनेक देशांनी मिळून चालवलं आहे, ते याचसाठी.

समजा, एक खूण नकाशावर दिवसभर एकाच जागी खिळून राहिली. लगेच पक्षी मेला असं धरत नाहीत. पट्टा तुटून यंत्र गळून पडलं असेल, यंत्र बिघडलं असेल, किंवा मादी अंड्यांवर बसली असेल. म्हणून माणूस त्या जागी जातो, आणि लवकर जातो. आपल्याकडचं ऊन तुम्हांला ठाऊकच आहे. चैत्र-वैशाखात एका दिवसात शरीर सडू लागतं, मुंग्या लागतात, आणि आतल्या अवयवांवरची अक्षरं पुसली जातात.

तिथं पोचलेला जाणता माणूस आधी पक्ष्याला हात लावत नाही. तो आजूबाजूला पाहतो. वर तार आहे का? रस्ता किती लांब? शेजारी मेलेलं जनावर पडलंय का, आणि त्याच्याभोवती आणखी पक्षी, कुत्री, माश्या मरून पडल्यात का? एकाच ठिकाणी बरीच जिवं एकदम मेली असतील तर विषाचा संशय येतो. पिसं विखुरलेली असतील तर ती उचलून त्यांचे देठ पाहायचे. कोल्ह्या-मांजराच्या दातांनी देठ चावून तुटतात. शिकारी पक्षी मात्र पिसं चोचीनं मुळापासून उपटतो. मात्र एवढ्यानंही निकाल द्यायचा नाही, कारण मेलेला पक्षी कोल्ह्यानं मागाहूनही खाल्ला असेल.

मग शरीर बर्फावर ठेवून दवाखान्यात किंवा प्रयोगशाळेत नेतात. एकदम गोठवून दगड करत नाहीत, कारण गोठलेल्या मांसातले बारीक फरक पुढं सूक्ष्मदर्शकातून नीट दिसत नाहीत. क्ष-किरणांनी छायाचित्र काढलं की हाड कुठं मोडलंय ते कळतं आणि अंगात शिरलेला छर्राही दिसतो. पोट उघडून शेवटचा घास कशाचा होता ते पाहतात. काळीज आणि मूत्रपिंड यांचे तुकडे विषाच्या तपासणीला जातात. या सगळ्यांची साक्ष एक झाली तर कारण लिहायचं; नाही झाली तर 'कारण निश्चित नाही' असं लिहायचं. असं लिहिण्यात कमीपणा नाही. आमच्या पारावर हे तीन शब्द कुणाला सुचले असते, तर एका गरिबाला बोल लागला नसता.

मंडळी, या शोधाचं सगळ्यांत मोठं उदाहरण आपल्या गिधाडांचं आहे. तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. ढोर ओढून टाकलं की घटकाभरात आभाळातून गिधाडं उतरायची आणि पाहता पाहता नुसता सांगाडा उरायचा. १९९० नंतर ती नाहीशी होऊ लागली. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतात हजाराला एक उरली. कुणी म्हणालं रोग आला, कुणी म्हणालं शेतातली औषधं, कुणी म्हणालं झाडं तुटली. पुन्हा तोच पार आणि तेच निकाल!

उत्तर मिळालं ते मेलेल्या गिधाडांची पोटं उघडल्यावर. पाकिस्तानातल्या पंजाबात लिंडसे ओक्स या पशुवैद्यकानं आणि त्याच्या सोबत्यांनी मेलेली गिधाडं तपासली. बहुतेकांच्या काळजावर, हृदयावर खडू फासल्यासारखा पांढरा थर होता. मूत्रपिंडं निकामी झाली की अंगातला क्षार असा साचतो. पण मूत्रपिंडं कशानं निकामी झाली? रोगजंतू तपासले, शिसं-पारा तपासला, कीटकनाशकं तपासली, काहीच सापडेना. मग त्यांनी वेगळा विचार केला. गिधाडं खातात काय? मेलेली गुरं. आणि मरण्यापूर्वी त्या गुरांना काय टोचलं जातं? औषधांच्या दुकानांतून चौकशी केली, तेव्हा डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध सगळीकडे खपताना आढळलं. पांढरा थर असलेली २५ गिधाडं तपासली, पंचविसांतही हे औषध निघालं. थर नसलेली १३ तपासली, एकातही निघालं नाही. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. पुढं हिशेब मांडला तेव्हा कळलं की मेलेल्या जनावरांपैकी शेकडा एकापेक्षाही कमी जनावरांत हे औषध असलं तरी गिधाडांचा वंश बुडायला तेवढं पुरे आहे.

ज्या शेतकऱ्यानं आपल्या लंगड्या बैलाला ते इंजेक्शन दिलं, त्याच्या मनात पाप नव्हतं. बैलाच्या वेदना कमी व्हाव्यात एवढीच त्याची इच्छा होती. म्हणूनच कारण शोधायचं असतं. दोषी पकडायला नव्हे, तर चुकीची वाट बंद करायला. २००६ साली भारतात जनावरांसाठी डायक्लोफिनॅक बंद करण्याचा हुकूम निघाला. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जात, म्हणून २०१५ साली ती बाटली तीन मिलिलिटरची केली. २०२३ साली किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक ही तशीच दोन औषधं गुरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न मारणारं औषध आहे. तुमच्या गुराला दुखण्यावरचं इंजेक्शन देताना डॉक्टरांना त्याचं नाव घेऊन विचारा.

गिधाडं गेली त्याचं माणसाला काय, असं म्हणू नका. मेलेली ढोरं कुजत पडली, पाणी नासलं, भटकी कुत्री माजली. २००० ते २००५ या काळात गिधाडं गेल्यामुळं भारतात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची दगावली असावीत, असा अंदाज दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब करून मांडला आहे.

आता गिधाडं पुन्हा रानात सोडण्याचे प्रयत्न चालू आहेत. हरियाणात पिंजोरला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं आणि तिथल्या वनखात्याचं गिधाडांच्या पैदाशीचं केंद्र आहे. तिथून २०२४ च्या जानेवारीत पांढऱ्या पाठीची दहा गिधाडं आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, ताडोबाच्या जंगलात आणली. काही महिने मोठ्या पिंजऱ्यात ठेवून, पाठीवर यंत्रं बांधून ती मोकळी सोडली. त्यांतलं एक फिरत फिरत तमिळनाडूपर्यंत पोचलं! यंत्र नसतं तर ताडोबाचं गिधाड तिथं गेलं हे कुणाला कळलं असतं? काही गिधाडं मात्र दगावली. मनाला वाईट वाटतं. पण असं प्रत्येक मरण एक प्रश्न विचारतं. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला रानात अन्न शोधता आलं नाही का? तारेचा धक्का बसला का? की बंद केलेलं औषध अजून कुठल्या गोठ्यात वापरलं जातंय? या तिन्हींवरचे इलाज वेगवेगळे आहेत. कारण कळल्यावाचून पुढची दहा गिधाडं सोडणं म्हणजे गळती न शोधता हौदात पाणी ओतत राहणं.

परदेशातलीही एक हकीकत सांगतो, कारण ती आपल्याला जवळची आहे. उत्तर अमेरिकेत स्वेन्सनचा बाज म्हणून पक्षी आहे. थंडी सुरू झाली की तो दक्षिणेला अर्जेंटिनात जातो आणि तिथले नाकतोडे खातो, म्हणजे शेतकऱ्याचा मित्रच. गेलेल्यांपैकी पुष्कळ पक्षी परत येईनात. तेव्हा ब्रायन वुडब्रिज या अभ्यासकानं दोन बाजांना यंत्रं बांधली आणि त्यांच्या मागावर तो अर्जेंटिनाच्या शेतांत जाऊन पोचला. तिथं शेकडो बाज मरून पडले होते. पुढच्या, १९९५-९६ च्या हंगामात पाच हजारांवर मेलेले बाज मोजले गेले. एकूण आकडा वीस हजारांच्या घरात असावा असा अंदाज निघाला. तपासणी केल्यावर कारण कळलं : नाकतोड्यांवर फवारलेलं मोनोक्रोटोफॉस. मग कंपनीनं त्या कामासाठी ते औषध मागं घेतलं, तिथल्या सरकारनंही बंदी केली, आणि बाजांचं असं घाऊक मरण थांबल्यासारखं झालं.

मोनोक्रोटोफॉस हे नाव आपल्या शेतकऱ्याला नवं नाही. २०१३ साली बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या एका शाळेत दुपारचं जेवण जेवून २३ मुलं दगावली. त्यांच्या अन्नात हेच विष उतरलं होतं. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं अनेक शेतकरी-मजुरांचे प्राण गेले. आपल्या सरकारनं मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश काढला तो २०२३ साली. अर्जेंटिनातल्या पाखरांनी त्याच्या सत्तावीस वर्षं आधी साक्ष दिली होती. पाखरू लहान, त्याला विष आधी लागतं. माणसाची पाळी मागून येते.

कधीकधी यंत्राचं गप्प होणंसुद्धा साक्ष देतं. स्कॉटलंडात २००४ ते २०१६ या काळात यंत्र बांधलेल्या १३१ तरुण सोनेरी गरुडांपैकी ४१ संशयास्पद रीतीनं नाहीसे झाले, असं २०१७ च्या सरकारी अहवालात निघालं. नाहीसे झालेले पुष्कळ गरुड विशिष्ट शिकारीच्या माळांवरच हरवले होते. पुढं २०२० साली अशा एका गरुडाचं यंत्र शिशाच्या पत्र्यात गुंडाळून नदीत टाकलेलं सापडलं. आवाज बंद करणाऱ्याची चोरी त्या पत्र्यानंच उघडी पाडली.

असो. आता पुन्हा आपल्या खांबापाशी येऊ. एका तारेवर पक्षी बसला तर त्याला काही होत नाही. पण घारीसारख्या मोठ्या पक्ष्याचा पंख दुसऱ्या तारेला किंवा खांबाच्या लोखंडी आडव्या पट्टीला टेकला, की वीज त्याच्या अंगातून वाहते. तारेला धडकून मरणं वेगळं. माळढोक हा जड पक्षी, त्याची नजर बाजूला चांगली, समोर कमी. उडताना तार दिसेपर्यंत वळायला वेळच उरत नाही. आपल्या सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं, पण आज महाराष्ट्रात माळढोक दिसणं दुर्मिळ झालं आहे. माळरानं गेली हे एक कारण, आणि राजस्थानात उरलेल्या माळढोकांना तारांचा मोठा धोका आहे. धडकेवर इलाज म्हणजे तारेला दिसेलशा खुणा लावणं किंवा ती जमिनीखालून नेणं. धक्क्यावर इलाज म्हणजे खांबाजवळच्या तारेवर रबरी वेष्टण चढवणं. पाहा, दोन्ही मरणं तारेचीच, पण इलाज निराळे. आमच्या खांबावर वायरमननं वेष्टण चढवलं, कारण आम्ही दोन पाखरं, त्यांचे जळके पाय आणि तारीख-वार दाखवू शकलो.

आता तुम्ही काय करावं ते सांगतो. मेलेला पक्षी दिसला तर उघड्या हातानं उचलू नका, मुलांना तर मुळीच उचलू देऊ नका. आमच्या मुलांनी घार पंखाला धरून आणली आणि मी त्यांना रागावलो नाही, ही माझी चूक होती. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांत बर्ड फ्लू आला, आणि २०२५ च्या जानेवारीत लातूर जिल्ह्यात उदगीरला पटापट मेलेल्या कावळ्यांतही तोच निघाला. तेव्हा लांबूनच पाहा. जागा, तारीख, वेळ लिहा. मोबाइलवर दोन छायाचित्रं घ्या : एक पक्ष्याचं, एक भोवतालचं. कुत्री येऊ नयेत म्हणून वर पाटी पालथी घाला. वनखात्याला १९२६ या क्रमांकावर किंवा जवळच्या गुरांच्या दवाखान्यात कळवा. ते सांगेपर्यंत पुरू नका, जाळू नका, ओढ्यात टाकू नका. आणि पक्ष्याच्या पायात कडी किंवा पाठीवर यंत्र दिसलं तर घाबरू नका आणि ते काढून घेऊ नका. त्यासाठी तुम्हांला कुणी धरणार नाही. उलट तुमची वाट पाहणारं कुणीतरी दूर बसलेलं असतं.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. शाळेत एक वही ठेवा. तारीख, ठिकाण, पक्षी, भोवती काय होतं, एवढे रकाने आखा. त्यापुढं दोन रकाने वेगवेगळे ठेवा. एकावर लिहा 'अंदाज' आणि दुसऱ्यावर 'खात्री'. पहिला रकाना मुलं चटकन भरतील. दुसरा पुष्कळदा कोराच राहील, राहू द्या. कोऱ्या रकान्याची लाज न वाटणं, हेच तर मुलांना शिकवायचं आहे.

माझ्या वहीत पहिल्या ओळीत ती पौषातली घार आहे. तिच्यापुढं अंदाजाच्या रकान्यात मी 'विष' लिहिलं होतं. ते मी खोडलेलं नाही. त्याच्याखाली त्या शेतकऱ्याचं म्हणणं लिहिलं आहे, "म्यां न्हाय हो मारली." खात्रीचा रकाना कोरा आहे.

नमस्कार.